दवाखान्याचा खर्च हाही उत्पादन खर्चच!



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या वेळी कापूस, ज्वारी, वीज आणि पीककर्ज यांच्या जोडीला 'आरोग्य' हा विषय घेतला, तेव्हा आमच्याच काही जुन्या कार्यकर्त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "संघटना भावासाठी आहे, सलाईन आणि गोळ्यांसाठी नाही. एकदा भाव पदरात पडू द्या, मग डॉक्टर आपण विकत घेऊ. सरकारी दवाखान्याची भीक कशाला मागायची?" असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणारी माणसे लाठ्या खाल्लेली आहेत, तुरुंगात जाऊन आलेली आहेत. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून हिशेब मांडूनच उत्तर देऊ.

आमचे उत्तर दोन वाक्यांत सांगता येते. दवाखान्याचा खर्च हा शेतीचाच खर्च आहे, त्यामुळे तो भावाच्या लढाईबाहेरचा नाही. आणि उद्या पूर्ण भाव मिळाला तरी गावाजवळ चालता दवाखाना आपोआप उभा राहणार नाही. तो वेगळा भांडूनच मिळवावा लागेल.

एक क्विंटल की सात क्विंटल?

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली आरोग्याच्या खर्चाची देशभर पाहणी केली. ग्रामीण भागातला माणूस एकदा दवाखान्यात भरती झाला की, बाळंतपण सोडून, सरासरी किती खर्च येतो? सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये. खासगीत २७,३४७ रुपये. हे आकडे सरकारचेच आहेत.

आता ते आपल्या मापात मोजू. त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,०२० रुपये होता. म्हणजे सरकारी दवाखान्याचे दुखणे एक क्विंटल कापसाच्या थोडे वर, आणि खासगीतले दुखणे जवळजवळ सात क्विंटल. संकरित ज्वारीचा हमीभाव १,७०० रुपये होता. ज्वारीत मोजले तर खासगीतले एक दुखणे सोळा क्विंटल. दोन्हीकडचे आजार सारखेच गंभीर नसतील, हे मान्य. तरीही एक आणि सात यांतले अंतर काही आजाराने पडलेले नाही.

कोरडवाहू कापूस एकरी किती होतो, हे तुम्हाला सांगायला नको. तीन, चार, बरे वर्ष असेल तर पाच क्विंटल. म्हणजे घरातला एक माणूस एकदा खासगीत भरती झाला की दीड-दोन एकरांचे सगळे पीक गेले. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी या कशाचाही खर्च वजा न करता गेले. २०२५-२६ साली मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपयांवर आला म्हणून सरकार पाठ थोपटून घेते. दवाखान्याच्या पाटीवरचे दर तेवढ्यात कुठे थांबले होते काय?

सावकाराच्या किंवा बँकेच्या कर्जाची चर्चा होते, तेव्हा शहाणी माणसे आम्हाला विचारतात की पीककर्ज गेले कुठे? लग्नात उडवले, दारूत घातले, असा त्यांचा तर्क असतो. आम्ही म्हणतो, एकदा गावात बसा आणि घरोघरच्या दवाखान्याच्या फायली उघडा. खताच्या नावाने उचललेला पैसा कुठल्या काउंटरवर भरला गेला, ते तिथे कळेल.

अवजाराचा घसारा धरतात, माणसाचा नाही

केंद्राचा कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च कसा काढतो? बियाणे धरतो, खत धरतो, कीटकनाशक धरतो. बैलाच्या कामाचा खर्च धरतो, त्यात बैलाचा चारा आला. अवजारांचा आणि गोठ्याचा घसारा धरतो. घरच्या माणसांची मजुरी धरतो, तीही गावातल्या मजुरीच्या दराने. या पद्धतीवर संघटनेने जे भांडायचे ते भांडले आहे आणि पुढेही भांडू.

पण आजवर एक रकाना आपणही पुरेसा जोर लावून मागितलेला नाही. वखराची पास झिजते, तिचा घसारा आयोगाला दिसतो. पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन तीस वर्षे फिरलेल्या माणसाची फुप्फुसे झिजतात, वेचणी करणाऱ्या बाईची कंबर आणि गुडघे झिजतात, त्याचा घसारा कुठल्याच तक्त्यात नाही. बैल आजारी पडला तर तो शेतीचा खर्च, आणि धनी आजारी पडला तर तो 'घरगुती खर्च'. हा कुठला न्याय?

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने राज्य विमा योजना मिळाली. तिचे दवाखाने आहेत, आजारपणाच्या रजेचा मोबदला आहे. तिथेही त्रुटी असतील. पण कामामुळे शरीर झिजते आणि त्याचा भार उद्योगाने उचलला पाहिजे, हे तत्त्व तरी मान्य झाले. देशातला सर्वांत मोठा उद्योग शेती. तिच्यात राबणाऱ्याला हे तत्त्व लागू नाही.

शेतीनेच दिलेली दुखणी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते आठवा. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी उलटली होती. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, हवा दमट आणि उष्ण. कीटकनाशकांची मिश्रणे करून फवारणी चालली होती. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले. चौकशी पथक आले, अहवाल झाला, हातमोजे आणि चष्मे वाटले गेले. दोष कोणाला लागला? 'शेतकऱ्याने काळजी घेतली नाही' हा ठपका सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने ऐकू आला.

शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाने इथे एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करते. मग घाम सुटतो, लाळ गळते, बुबुळ टाचणीच्या टोकाएवढे होते, छातीत पाणी झाल्यासारखा श्वास अडतो. त्यावर ॲट्रोपिन हे जुने आणि स्वस्त इंजेक्शन आहे. ते लवकर आणि पुरेसे द्यावे लागते, जोडीला ऑक्सिजन लागतो आणि रोग्यावर नजर ठेवणारा माणूस लागतो. रक्तातले कोलिनेस्टरेज किती उतरले, हे तपासता येते. आता विचारा, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही तपासणी होते का? कीटकनाशकाचा डबा गावातल्या कृषी केंद्रात उधारीवर मिळतो आणि त्यावरचा उतारा ऐंशी किलोमीटरवर. विष दारात आणि औषध जिल्ह्याच्या गावी, ही सोय कोणी केली?

सापाचेही तसेच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक ग्रामीण भागातले, आणि निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा, कडब्याच्या गंजीत हात घालणारा, पहाटे पऱ्हाटीत शिरणारी बाई, यांनाच पान लागते. बंगल्यात झोपणाऱ्याला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला 'दुर्लक्षित' रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित का? ज्यांना चावतो तेच दुर्लक्षित, म्हणून.

उपाय माहीत नाही, असेही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस भारतात बनते. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठत नाही. ते ओळखायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रोग्याचे थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलवाहलव न करता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. काचेची एक नळी लागते आणि वीस मिनिटे तिथे थांबणारा डॉक्टर लागतो. नळी मिळते. डॉक्टर मिळत नाही.

मेल्यावर मात्र सरकार येते. शेतकरी अपघात अनुदान योजनेत मृत्यू झाला, हात-पाय-डोळा गेला, तर पैसे मिळतात. मृत्यूला दोन लाख. साप चावून मेला तरी मिळतात. ते पैसे नकोत असे आम्ही म्हणत नाही, त्या घराला ते लागतातच. पण जगवायला लागणाऱ्या लसीसाठी तालुक्यात खडखडाट आणि मेल्यावर धनादेश, याला कोणी कल्याणकारी राज्य म्हणू नये.

भाव मिळाला तर विकत घेऊ?

आता आमच्या मित्रांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, सगळा खर्च भरून निघेल असा भाव मिळाला. खिशात पैसा आला. रात्री दोन वाजता पोराला मण्यार चावली. तो पैसा घेऊन कुठे जाणार? खासगी डॉक्टर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईक असेल तिथे दुकान लागते. पाच हजार वस्तीच्या कोरडवाहू पट्ट्यात, जिथे पैसा वर्षातून दोन-तीन महिने खेळतो, तिथे वर्षभर लस, ऑक्सिजन आणि नर्स सांभाळून रात्री जागणारा दवाखाना नफ्यावर चालत नाही. मूठभर रोग्यांसाठी रोज तयार राहण्याचा खर्च बाजार करत नाही. अग्निशामक बंब कोणी खासगीत चालवतो काय?

दुसरे, दुखण्यालाही हंगाम असतो. हिवताप, हगवण, विंचू, साप, फवारणीची बाधा, पाण्यात राबून आलेला ताप हे सगळे आषाढ ते भाद्रपदात. त्याच वेळी घरातले धान्य सरलेले, पैसा पेरणीत अडकलेला, आणि एका माणसाचे आठ दिवसांचे अंथरूण म्हणजे निंदण हुकलेले शेत. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो. म्हणजे भाव कितीही चांगला असला तरी दवाखान्याचे बिल येते तेव्हा हातात तो नसतो. सावकाराला ही वेळ बरोबर माहीत असते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कापूस विकायला नेला की व्यापारी म्हणेल तो भाव, कारण गाडी परत नेणे परवडत नाही. या लुटीवरच आपली सगळी चळवळ उभी राहिली. आजारी माणूस घेऊन दवाखान्यात जाणाऱ्याची स्थिती याहून वाईट आहे. तोही गाडी परत नेऊ शकत नाही. डॉक्टर म्हणेल ती तपासणी, म्हणेल ते ऑपरेशन, म्हणेल ते बिल. एका टोकाला अडलेला विक्रेता, दुसऱ्या टोकाला अडलेला गिऱ्हाईक, आणि दोन्हीकडे तोच शेतकरी. जवळ चालता सरकारी दवाखाना असला की खासगीवालाही जपून बिल लावतो. सरकारी कापूस खरेदी केंद्र सुरू असले की व्यापारी भाव फार पाडत नाही, तसेच हे आहे.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी बीडकडे पाहावे. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून तिथली कुटुंबे ऊस तोडायला जातात. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. बहुतेक ऑपरेशने खासगीत झालेली. पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर मुकादमाचा दंड, पोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे तर 'पिशवी काढून टाका'. या बायांनी पैसे मोजून सेवा विकत घेतली होती. विकत घेण्याने त्यांना काय मिळाले, ते आमच्या मित्रांनी सांगावे.

कार्डाचे काय?

"आता तर पाच लाखांचे कार्ड मिळते," असे पुढारी सभेत सांगतात. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्याची योजना आहे, केंद्राची आयुष्मान भारत २०१८ पासून आहे. मोठे ऑपरेशन, हृदयाचा आजार, कर्करोग अशा वेळी या कार्डाने अनेक घरे वाचवली आहेत, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण कार्ड मुख्यतः चालते ते यादीतल्या उपचारासाठी, यादीतल्या रुग्णालयात, भरती झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, तापाचे आठ दिवस, जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचे जेवण यांसाठी ते खिशातच राहते. आणि पैसा ऑपरेशनमागे मिळतो, म्हणून रुग्णालय उभे राहते ते ऑपरेशने होतील त्या शहरात. कार्डाच्या पाठीमागे सरकारी तिजोरीतला पैसा गावाकडून शहराकडे वाहत जातो.

पाणलोटाचे काम केलेल्या प्रत्येकाला 'माथा ते पायथा' हा नियम माहीत आहे. आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे, मग उतारावर बांध, शेवटी नाल्यात बंधारा. माथा उघडा ठेवून खाली बंधारा बांधला तर पहिल्याच पावसाळ्यात तो गाळाने भरतो. आरोग्यातही माथा म्हणजे गाव: आशाताई, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र. तो उघडा ठेवला की सगळा लोंढा जिल्ह्याच्या रुग्णालयावर येतो. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावल्याची बातमी आली. त्यांत बारा नवजात बालके होती. त्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळपर्यंतचे रोगी येतात. कोणी कोणाला जबाबदार धरायचे ते धरो. आम्ही विचारतो, ही माणसे आपल्या तालुक्यातच का बरी होऊ शकली नाहीत?

भाताच्या शेतकऱ्यांनी काय केले?

हे कुठे झाले आहे काय, असे विचारणाऱ्यांनी थायलंड पाहावा. भात, कसावा, रबर पिकवणारा देश. श्रीमंत नव्हे. तिथेही शेतकरी जमीन गहाण टाकून दवाखान्याचे बिल भरत होता.

त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली नाही. १९७० च्या दशकापासून सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची झाली. १९८० च्या दशकात काही वर्षे शहरांतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांची नवी बांधकामे रोखून तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळवला. तालुक्यातालुक्यांत इमारत, खाटा, डॉक्टर, नर्स उभे राहिले. मग २००१ साली योजना आली: एका वेळच्या उपचाराला तीस बाट, म्हणजे तेव्हाचे तीस-पस्तीस रुपये. २००२ साली त्याचा कायदा झाला. तो व्हावा म्हणून तिथल्या लोकसंघटनांनी हजारो सह्या गोळा केल्या होत्या.

या योजनेतली खरी गोम तीस बाटांत नाही. नोंदलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ठरलेली रक्कम त्या भागातल्या आरोग्य यंत्रणेला मिळते. आपल्याकडे ऑपरेशन झाले की पैसा. तिथे नेहमीच्या उपचारासाठी माणूस नोंदला की पैसा, मग तो आजारी पडो वा न पडो. त्यामुळे पैसा माणसे राहतात तिथे जातो, आणि माणूस निरोगी राहिला तर दवाखान्याचेही नुकसान होत नाही. २००० च्या सुमारास थायलंडमध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे तिसरा हिस्सा लोकांच्या खिशातून जात होता, तो पुढच्या वीस वर्षांत दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. तिथेही रांगा आहेत, डॉक्टर शहराकडे पळतात. पण दुखण्यापायी शेत विकणे ही तिथे आता घरोघरची कथा राहिली नाही.

आपल्याच मातीतले पुरावे

थायलंड लांबचा वाटत असेल तर जवळचे घ्या. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब घरातला एक मुलगा डॉक्टर झाला आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागला. डॉ. हिंमतराव बावस्कर त्यांचे नाव. कोकणात लाल विंचू चावला की शंभरातले तीस-चाळीस रोगी मरत. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी गोळी त्यावर लागू पडते, हे दाखवले. मृत्यू शंभरात एक-दोनांवर आले. त्यांचे लेख 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकाने छापले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा शोध पंचतारांकित रुग्णालयात लागला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लागला, कारण तिथे डॉक्टर मुक्कामी होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९५ ते १९९८ या काळात तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दुष्काळी खेड्यांतल्या अर्धशिक्षित, दलित, परित्यक्ता बायांना आरोग्य कार्यकर्त्या केले. सरकारने त्यातले थोडे उचलले आणि २००५ नंतर आशाताई आणली. पण वेतन दिले नाही, मोबदला दिला. गावाचा सगळा भार जिच्या डोक्यावर, तिलाच पगारासाठी पुन्हा पुन्हा संपावर बसावे लागते.

औषधांचे म्हणाल तर तमिळनाडूने १९९५ पासून एक महामंडळ चालवले. ते घाऊक भावाने औषध घेते, जिल्ह्याच्या गोदामात ठेवते आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक देते. पासबुकात जेवढी रक्कम तेवढे औषध डॉक्टर स्वतः उचलतो. बाहेरची चिठ्ठी लिहून द्यायला निमित्तच उरत नाही.

पैसा नाही म्हणतात

१९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, सर जोसेफ भोर यांच्या समितीने सांगून ठेवले की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. पुढे नियम ठरले: तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीला तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आणि त्यात सर्जन, फिजिशियन, बाळंतपणाचा आणि मुलांचा असे तज्ज्ञ. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत हव्या असलेल्या तज्ज्ञांपैकी सुमारे ऐंशी टक्के कमी होते. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. अशा दवाखान्यातून 'पुढे घेऊन जा' एवढीच चिठ्ठी मिळते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कबूल केले की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ साली, करोनाच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. लोकांच्या खिशातला हिस्सा ६४ वरून ३९ टक्क्यांवर आला, असे सरकार अभिमानाने सांगते. आला असेल. पण शंभरातले ३९ रुपये आजारी माणसानेच भरायचे, यात अभिमान कसला?

आणि 'भीक' म्हणणाऱ्यांना शेवटचे. डिझेलवर, कीटकनाशकावर, पंपावर, मिठाच्या पुडीशेजारच्या साबणावर आपण कर भरतो. वर पडलेल्या भावातून शहराला स्वस्त कापड आणि स्वस्त धान्य देतो, तो वेगळाच. त्या पैशातून चालणारा दवाखाना ही भीक नव्हे, थकलेली वसुली आहे.

आमच्या मागण्या

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव मांडत आहोत.

१. कृषिमूल्य आयोगाने उत्पादन खर्चात शेतकरी कुटुंबाच्या शरीराची झीज आणि आरोग्य खर्च यांचा स्वतंत्र रकाना धरावा.

२. दर वर्षी ३१ मेपूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, ॲट्रोपिन, प्रॅझोसिन आणि ऑक्सिजन यांचा साठा पोचावा. शिल्लक साठा बाहेरच्या फळ्यावर लिहावा. प्रत्येक तालुक्याला कोलिनेस्टरेज तपासणी व्हावी.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात मुक्कामी डॉक्टर असावा. त्यासाठी आधी त्याचे गळके क्वार्टर आणि पाणी दुरुस्त करावे.

४. प्रत्येक दवाखान्याला औषधांचे पासबुक द्यावे.

५. ग्रामीण रुग्णालयाला नोंदलेल्या माणसामागे निधी मिळावा. कार्डाच्या योजनेत एक रुपया वाढवण्याआधी तो इथे वाढवावा.

६. आशाताईंना मोबदला नव्हे, वेतन द्यावे.

ठराव करून घरी जायचे नाही. दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती आणि गावाची आरोग्य समिती कागदावर आहेत, त्यांत कोण आहे ते विचारा, त्यांच्या सभेला बसा. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने पाच प्रश्नांची उत्तरे लिहून आणावी: डॉक्टर रात्री मुक्कामी असतो का? सापाच्या लसीच्या किती बाटल्या आहेत? बाहेरची औषधे किती वेळा लिहून दिली? किती जागा रिकाम्या आहेत? गेल्या वर्षी गावातले किती जण वाटेतच गेले?

आणि येताना या वेळी सातबारा नको. घरोघरची दवाखान्याची बिले आणा, फाटकी असतील तरी आणा. ती आपण कापसाच्या क्विंटलांत मांडू, गावनिहाय तक्ता करू आणि तो घेऊन जिल्हा कचेरीवर जाऊ.